शनिवारचं लोखंड

भानुदास दाजी, मला माणसात आणलं ते तुम्ही. हे मी तुमच्यासमोर बोललो असतो तर "पाव्हणं, आधी जेवून घ्या" म्हणत तुम्ही विषय मोडला असता. आता तुम्हाला मधे बोलता येत नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकतो.

तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. दारातल्या मांडवाचे बांबू ज्याचे त्याला पोचले. घरात ताई एकटी आहे आणि बाहेर तुमची जुनी पांढरी गाडी उभी आहे. मागच्या सीटवर अजून कासऱ्यांची भेंडोळी तशीच पडलीत. दार उघडलं की नव्या सुताचा वास येतो. तुमचाच वास तो. मी दार उघडतो आणि लगेच लावतो.

तुम्ही मला कसं नेलंत ते ताईला सुद्धा नीट माहीत नाही. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी ऊसतोडीचा ट्रक गावात लागला होता. अण्णांनी माझं दप्तर शेजारच्या पोराला देऊन टाकलं होतं आणि मी बोचक्यांवर चढून बसलो होतो, कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन. तुम्ही बाजारावरून परस्पर आला होता. अण्णांना म्हणालात, "मामा, ह्याला माज्याकडं द्या. दावी वळाया मानूस न्हाई. एकटा किती करू?"

अण्णा म्हणाले, "त्याला काय येतंय?"

"गाठ मारता आली की बास."

अण्णांनी थोडा विचार केला आणि माझं बोचकं खाली टाकलं. जावयाने पोराला शिकवायला नेतो म्हटलं असतं तर ते कधीच हो म्हणाले नसते. त्यांना उपकार नको होते. तुम्ही उपकार केलाच नाहीत, उलट त्यांच्याकडे मदत मागितलीत. दुसऱ्या दिवशी मला बाजाराला न नेता तुम्ही शाळेत नेऊन बसवलंत. मी विचारलं, "आणि दावी?" तर म्हणालात, "ती सुट्टीच्या दिवशी. आदी फळ्यावरचं बघ." तुम्हाला मूलबाळ नव्हतं. लोक म्हणायचे, भानुदासनं मेव्हण्यालाच पोरगं केलंय. तुम्ही मात्र मला शेवटपर्यंत "पाव्हणं" म्हणालात, अहोजाहो केलंत. फक्त राग आला की "तू" म्हणायचात. तसं फार थोड्या वेळा झालं.

गाडी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तोवर तुम्ही दावी, कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा असा गुराढोरांचा सगळा माल एसटीच्या टपावर टाकून बाजार करत होता. गाडी आमच्या घरी आली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य सरलं होतं. पण तुम्ही पहिल्या दिवशी तिला घुंगरमाळ बांधलीत, आणि मिरजगाव, कर्जत, काष्टी असे बाजार सुरू झाले. शनिवारी काष्टीला तुम्ही लोखंडी साखळ्याही मांडायचात. मी चेष्टा करायचो, "दाजी, घरात ताई शनिवारी साधा खिळा येऊ देत नाही आणि तुम्ही इथं साखळ्या विकता?"

"इकनाऱ्याला शनी धरत न्हाई, पाव्हणं. घेनाऱ्याचं घेनारा बघंल."

घेणारेही काही वेडे नव्हते. शनिवारी दोऱ्याच जास्त खपायच्या आणि साखळ्या बहुतेक परत यायच्या.

त्या गाडीचा पुढचा शाफ्ट कटकट करायला लागला त्याला आता दोन-तीन वर्षं झाली असतील. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा तो दांडा. त्याच्या टोकाच्या जोडात पोलादी गोळ्या असतात, त्यावर ग्रीस, आणि सगळ्यावर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं आणि आपल्याकडच्या रस्त्यांची माती आत जाते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकातून कटकट ऐकू येते. गॅरेजवाल्या हमीदभाईंनी तेव्हा डावीकडचा जोड उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावून दिला होता. जोडाची एकच बाजू झिजते, बाजू बदलली की न झिजलेल्या अंगावर भार येतो. "कूस बदलून दिली," असं ते म्हणाले. तुम्हाला ते इतकं आवडलं की बाजारात गिऱ्हाइकाला सुद्धा सांगायचात.

मी म्हणत होतो, विकून टाका. आपला तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी पुण्यात नोकरीला लागल्यापासून दर फोनला तेच. गाडी विका, बाजार बंद करा, दोघंही माझ्याकडे या. तुम्ही म्हणायचात, "तिथं येऊन काय करू? तुमच्या सोसायटीत कुनाची म्हस हाय का दावं लागनारी?" मी हसायचो आणि तुम्ही फोन ताईकडे द्यायचात. तुम्ही जिंकलात असं मी अजून मानत नाही. पण आता कुणाशी भांडू?

कटकट पुन्हा सुरू झाली तेव्हाचा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. शेजारच्या बापूरावांना गाडीत बसवून तुम्ही अंगणात गोल चकरा मारायला लावल्या, आणि स्वतः फोन चाकाशी धरून गाडीबरोबर पळत होता. "ऐकू येतंय का पाव्हणं? आता बघा, आता." बापूराव आतून ओरडत होते, "भानुदास, बाजूला हो, पाय चेंगरंल." ताई हसत होती. मलाही हसू येत होतं. मला कटकट ऐकू आली, आणि तुमची धापही ऐकू आली. मी म्हणालो, "दाजी, आता कूस बदलून भागायचं नाही. दोन्ही कुशी झिजल्यात. नवाच टाकू." हे मी शाफ्टबद्दल बोलत होतो.

एवढ्या जुन्या गाडीचा शाफ्ट तुमच्याकडे मिळेना. मी पुण्यात शोधला आणि शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या बाजूला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिला. तो पार्सल मिरजगावला हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात ठेवणार होता. पार्सलात एक चिठ्ठी टाकली होती. गोणपाट शिवायच्या आधी घाईघाईत, तिथंच उभ्या एका गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलेली.

शनिवारी तुम्ही काष्टीला गेला नाहीत. आवाज फार वाढला होता. हळूहळू गाडी चालवत हॉटेलावर गेलात, चहा प्यालात आणि ताईला फोन केलात. समोरच हमीदभाईंचं गॅरेज. ते म्हणत होते, आणा, सांजच्याला बसवून देतो. ताई म्हणाली, "आज शनिवार हाय. आज लोखंड घ्यायचं न्हाई." तुम्ही म्हणालात, "घरात न्हाई आनत, गॅरेजातच बसवतो." ती म्हणाली, "गाडीत बसवून आनलं तरी आलं ना घरात? उंद्या आना." तुम्ही बरं म्हणालात. पार्सल हॉटेलातच राहिलं.

रविवारी सकाळी चहा घेऊन तुम्ही निघणारच होता. चपला घातल्या आणि ओट्यावर बसलात. छातीवर हात ठेवून म्हणालात, "जरा थांबतो." ताईने हाक मारली तोवर तुम्ही घामाने भिजला होता. बापूराव धावत आले. जवळ दुसरी गाडी नव्हती. त्यांनी तुम्हाला तुमच्याच गाडीत मागे आडवं केलं, कासऱ्यांची भेंडोळी बाजूला सारून, आणि ताईने तुमचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी नगरच्या रस्त्याला लागायला फाट्यावर वळली, आणि शाफ्ट मोडला.

बापूराव सांगतात, इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. ते ॲक्सिलरेटर दाबत राहिले आणि इंजिन नुसतं ओरडत राहिलं. मग ते रस्त्यात उभे राहून हात करायला लागले. कांद्याचा एक टेम्पो थांबला. तुम्हाला त्यात घेतलं तेव्हा तुम्ही ताईला काहीतरी म्हणालात. तिला ते कळलं नाही. इंजिन अजून चालूच होतं, कुणी बंदच केलं नव्हतं.

नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

हे वाक्य ते कितीजणांना म्हणत असतील. पण ताईने ते पदराला बांधलं. जी बाई भेटायला येईल तिला ती सांगायची, "म्या शनिवारी आनू दिलं न्हाई. आनलं असतं तर गाडी फाट्यावर मोडली नसती." बाया म्हणायच्या, "असं म्हनू नये बाई, ज्याची त्याची दोरी." ताई ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगायची. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. दहाव्याला हमीदभाई आले. बिचारे स्वतःच्याच दुःखात होते. म्हणाले, "मी म्हनलो हुतो भानुदासशेटला, आना, सांजच्याला बसवून देतो." ताई उठली आणि आत गेली. नंतर दिवसभर तिने तोंडात पाणी घेतलं नाही.

मी तिला समजावलं, "ताई, अटॅक मोठा होता. गाडी धड असती तरी काही सांगता आलं नसतं."

"तू डाक्टर हाय का?"

"नाही."

"मग गप ऱ्हा."

दाजी, मी गप्प राहिलो, कारण मला तुमचं ते "तू" आठवलं. पहिल्या वर्षाला असताना मी कर्जतहून मुद्दाम शनिवारी लोखंडी तवा विकत आणला होता. कॉलेजात वादविवादात बोलायला लागलो होतो, घरातही बोलायला लागलो. ताईला म्हणालो, बघ, आणला, काय होतंय? ती तव्याकडे बघत भिंतीला टेकून खाली बसली. तुम्ही बाहेरून आलात, तवा उचललात, लांब बांधावर नेऊन ठेवलात, आणि परत येऊन मला ओट्याच्या कडेला घेतलंत. आवाज चढवला नाहीत.

"तुज्या अण्णांनी नवा कोयता घेतला त्यो शनिवार हुता. घेऊ नका म्हनून ही रडली हुती, तवा माहेरीच हुती. त्याच सालाला तुजी आई कारखान्यावर पाचटाच्या कोपीत गेली. तुला त्यात लोखंड दिसतंय. हिला आई दिसती. परत असं करू नको."

मला ते माहीत नव्हतं. आई गेली हे माहीत होतं, कोयत्याचं नव्हतं. त्यानंतर मी तिच्या शनिवारवर कधी बोललो नाही. शिकलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो, तरी पुण्यातही शनिवारी मी लोखंडाची वस्तू घेत नाही. हे तुमच्याकडून आलं. शनीला मी मानत नाही, दाजी. पण ताईला मानतो. हा फरक मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवला नाही.

म्हणूनच मी पार्सल आणायला जात नव्हतो. त्या चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं, आणि ताई रोज काय बोलते तेही ऐकत होतो. चिठ्ठी तिला दाखवली तर तिचं ओझं हलकं होईल की दुप्पट होईल, हे ठरत नव्हतं. न दाखवावी तर ती एकटीच आयुष्यभर ते वाक्य सांगत बसणार. हे विचारावं असं मला एकच माणूस होतं, आणि ते तुम्ही होता.

तेरावं झाल्यावर गेलो. हॉटेलवाल्याने गल्ल्यामागून पार्सल काढलं, पण हातात दिलं नाही. आधी बसवलं, चहा दिला. म्हणाला, "त्या दिवशी हितंच बसले हुते. पार्सल मांडीवर घेऊन. येईल त्याला सांगत हुते, आमच्या पाव्हन्यानं पुन्यावरनं धाडलंय. म्या म्हनलं, फोडून तरी बघा. तर न्हाई म्हनले, उंद्या निवांत फोडतो."

मी चहा तसाच ठेवला आणि पार्सल मागून घेतलं.

फाट्यावरून गाडी ओढून आणून हमीदभाईंनी गॅरेजच्या बाहेर लावली होती. त्यांनी गोणपाट कापलं. शाफ्टला दोऱ्याने बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाली, आत चिठ्ठी. त्यांनी ती न बघता माझ्याकडे दिली आणि गाडीखाली गेले. चाक काढलं, मधला नट सोडवला, जुना शाफ्ट ओढला तसं गिअरचं काळं तेल भांड्यात गळालं. जोड त्यांनी माझ्या तळहातावर पालथा केला. गोळ्या राहिल्याच नव्हत्या. त्यांना धरणारी कडी तुटून तुकडे झाले होते. हमीदभाई म्हणाले, "लई सोसलं हो ह्यानं." मग नवा शाफ्ट आत सरकवला, तो टक् करून बसला. नट आवळताना त्यांनी सगळं अंग पान्यावर टाकलं. सगळं झाल्यावर मी विचारलं, "हमीदभाई, शनिवारी बसवला असता तर?" त्यांनी हात पुसले. "गाडी नगरला पोचली असती," ते म्हणाले. "भानुदासशेट पोचले असते का, ते म्या कसं सांगू?"

गाडी मीच चालवत घरी आणली. अंगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चक्कर मारली. कसलाही आवाज नाही. ताई दारात येऊन उभी राहिली.

"वाजत न्हाई आता," ती म्हणाली.

"नाही."

मी उतरलो आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. ठरवून नाही. ती समोर उभी होती आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ती ओट्यावर बसून वाचायला लागली, एकेका ओळीखाली बोट धरून. एका ठिकाणी बोट थांबलं. तिने मागची ओळ पुन्हा वाचली. मग कागद मांडीवर ठेवला.

"हे मला कशापायी दाखवलं?"

"तू एकटीच सगळं अंगावर घेतेस म्हणून."

"मग काय, वाटून घ्यायचं? ती काय भाजी हाय, दत्तू?"

ती अंगणात बघत होती. मग म्हणाली, "म्या फोनवर नको म्हनलं तवा ते हसले हुते. म्हनले, ऱ्हाऊ दे, उंद्या आनतो. तुजा भाऊ बी हेच म्हनंल."

एवढं बोलून ती रडायला लागली. आईच्या वेळी रडली होती तशी, तोंडात पदर घालून. मी जवळ बसलो. तिचं ओझं कमी झालं असं मी म्हणणार नाही, दाजी. ते कमी होणारं नाही. पण त्या दिवसापासून ती आल्यागेल्याला शनिवारचं सांगत नाही. शांत झाली की काय झालीय ते मला कळत नाही. मी जायचं म्हटलं की "जा" म्हणते, आणि मी थांबलो की दोघांचा स्वयंपाक करते. पुण्याला चल म्हटलं की उत्तर देत नाही.

डोळे पुसल्यावर तिने कागद माझ्याकडे परत दिला. म्हणाली, "पत्र त्यांचं हाय. त्यांना पोचलं न्हाई. तू त्यांना वाचून दाखव."

तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला गेलो तर माझा आवाज दुसऱ्या ओळीलाच बसला. म्हणून लिहून काढतो. चिठ्ठी अशी होती:

"दाजी, नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही म्हणून लिहितोय. ड्रायव्हर घाई करतोय, अक्षर लावून घ्या.

शाफ्ट नवा आहे, जुन्या गाडीचा काढलेला नाही. बूट नीट बसलाय का ते हमीदभाईंना बघायला सांगा आणि गिअरचं तेल नवं घालायला लावा. तुमच्यासाठी काही घ्यायचं म्हटलं की तुम्ही नको म्हणता. सदरा आणला तर तो पेटीत जातो. गाडीसाठी घेतलं तर नको म्हणणार नाही, म्हणून हे.

पार्सल उद्या पोचेल. उद्या शनिवार आहे. ताई नको म्हणेल. तिच्याशी वाद घालू नका. हॉटेलातच राहू द्या, रविवारी बसवा. एका दिवसाने काही बिघडत नाही.

आणखी एक. तुम्हाला सांगितलं नव्हतं, मी गाडी शिकलोय. परवाच लायसन मिळालं. पुढच्या शनिवारी सुट्टी काढून येतो. काष्टीला मी चालवीन. तुम्ही शेजारी बसून नुसतं बोला.

तुमचा,
दत्ता"